सातव्या उद्गाराचं वतन

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन आमची उपासना चालते. ख्रिस्ताने क्रुसावरून जे सात उद्गार काढले त्यांतल्या एकेकावर एकेकाने उभं राहून बोलायचं, मध्ये गीत, मध्ये प्रार्थना, आणि तीनच्या ठोक्याला, प्रभूने प्राण सोडला त्या वेळेला, सगळ्यांनी गुडघे टेकून शांत व्हायचं. हैदराबादेतली आमची मराठी मंडळी लहान आहे. स्वतःची इमारत नाही. कोटी बाजाराजवळच्या एका तेलुगू चर्चच्या आवारात शाळेचा हॉल आहे, तो ते आम्हाला वापरू देतात. पण लहान असली म्हणून काय झालं, मंडळीत वतनदारी आहे. पहिला उद्गार पाळकसाहेबांचा. दुसरा, चोराला स्वर्गाचं वचन देणारा, पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांचा. तिसऱ्यात आई आहे, म्हणून तो बायकांचा. पाचवा तहानेचा, तो पाणीपुरवठ्यात नोकरी केलेल्या एका गृहस्थांकडे असतो आणि ते क्रुसापासून निघून दरवर्षी मंजिरा धरणापर्यंत जाऊन येतात. सातवा सर्वांत मानाचा. बापाच्या हाती आपला आत्मा सोपवून देण्याचा, म्हणजे संपूर्ण समर्पणाचा. तो माझ्या थोरल्या भावाचा.

दादाला तो कुणी दिला नव्हता. आधी तो आमच्या वडिलांचा होता. बाबा गेल्यावर पुढच्या उत्तम शुक्रवारी दादा काळा कोट घालून उठला आणि बोलायला लागला, आणि त्याला खाली बसवण्याची कुणाची छाती झाली नाही. तेव्हापासून तोच बोलतो. चांगला बोलतो, हे मी कबूल करते. फक्त थांबत नाही. प्रभूने तीन वाजता प्राण सोडला, पण दादाने तीन वाजता माईक सोडलाय असं एकदाही झालेलं नाही. तीननंतर तेलुगू चर्चच्या गायकांना ईस्टरच्या सरावासाठी तोच हॉल हवा असतो. ते बिचारे दाराशी पेटी आणि तबला घेऊन उभे राहतात, आणि दादा त्यांच्याकडे बघून हात करतो, की या, बसा, तुम्हीही ऐका.

मी जामबागेतल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाले, पण आवाज अजून वर्गभर पोचतो. असं असून मला कायम तिसरा उद्गार. आई या विषयावर माझ्याकडे सांगण्यासारखं जे होतं ते केव्हाच संपलं. तरी दर वर्षी जे पाळक असतील ते यायचे, हात जोडून म्हणायचे, "बाई, तिसरा आपण घ्यावा," आणि मी घ्यायचे. मनात मात्र सातवा असायचा. मान हवा होता का? थोडा होता, खोटं कशाला बोलू. पण खरं कारण दुसरं होतं.

दादा आपल्या भाषणात बाबांच्या मृत्यूची गोष्ट सांगतो. ती अशी: दवाखान्यातला शेवटचा दिवस. बाबांच्या चेहऱ्यावर तेज आलं. त्यांनी हळू आवाजात गीत म्हटलं. मग दोन्ही मुठी उघडल्या, हात वर केले, "माझा बाप मला बोलावतोय," असं म्हणाले आणि दादाच्या हातात हात ठेवून गेले. इथे दादा स्वतःच्या मुठी उघडून दाखवतो. बायका पदर डोळ्यांना लावतात. पोलीस खात्यातले काकासुद्धा चष्मा पुसतात.

आता काय झालं होतं ते सांगते. बाबा गेले तेव्हा दादा तिथे नव्हताच. बाबांनीच त्याला खाली पाठवलं होतं, "जा, चहा पिऊन ये, तोंड किती उतरलंय तुझं," म्हणून. दादा रस्त्यापलीकडच्या इराण्याकडे गेला. मी शाळेतून थेट आले होते, माझ्या हाताला खडू होता. ते उन्हाळ्याचे दिवस होते, अंबरपेठेत आमच्याकडे नळ एक दिवसाआड यायचा, आणि बाबांना आजारपणात त्या नळाचं वेड लागलं होतं. ते डोळे उघडून म्हणाले, "नळ आला का?" मला काय माहीत, मी घरी गेलेच नव्हते. मी म्हटलं, "आला बाबा. ड्रम भरला." ते म्हणाले, "झाकण ठेव." आणि डोळे मिटले. एवढंच. गीत नाही, मुठी नाहीत. दादा थर्मासमध्ये त्यांच्यासाठी चहा घेऊन वर आला तेव्हा मी त्यांच्या अंगावर चादर सारखी करत होते.

शोकसभेत दादाने पहिल्यांदा तेज आणि मुठी सांगितल्या. तो इतका रडत होता की मी म्हटलं, जाऊ दे, आज नको. मग पुढच्या वर्षी सातव्या उद्गारात तीच गोष्ट आली, गीताची भर पडून. त्याच्या पुढच्या वर्षी "बाप बोलावतोय" आलं. काही वर्षांनी माझ्या लक्षात आलं की दादा काही रचून सांगत नाही, त्याला आता ते सगळं दिसतं. आणि मी तिथे होते ही गोष्ट मंडळीतून पुसून गेली. मला याचा राग यायचा. दर उत्तम शुक्रवारी, सगळी माणसं ख्रिस्तासाठी डोळे पुसत असताना, मी मनात म्हणायचे, "झाकण ठेव म्हणाले होते ते." आणि मला खरोखर वाटायचं, अजूनही वाटतं, की माझी गोष्ट जास्त चांगली आहे. ज्या माणसाचा जीव शेवटपर्यंत ड्रममध्ये अडकलाय त्याने कुणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवून डोळे मिटणं, याहून मोठं समर्पण काय असतं? एकदा मला ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं होतं.

तर यंदा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होण्याच्या आधी, गेल्या वर्षीच आलेले आमचे नवे पाळकसाहेब घरी आले. अगदी तरुण आहेत, नगरकडचे, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलतात. माझे यजमान बँकेतून निवृत्त झालेले, ते समोर पेपर वाचत बसले होते. पाळकसाहेबांनी चहा संपवला, खोकले, आणि म्हणाले, "बाई, मागील वर्षी दादासाहेबांनी ती वडिलांची गोष्ट सांगितली, पाणी प्यायले, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितली."

मला ते माहीत होतं. दादाची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी ऑस्ट्रेलियात, तो आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतो आणि दोन्ही वेळा आमच्याकडे जेवतो. हल्ली कधीकधी जेवून खाली जातो आणि थोड्या वेळाने परत वर येतो. "अगं, आज जेवायला हाक नाही मारलीस," असं म्हणतो. मी अर्धी पोळी वाढते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात आणि सांगितलंय की हे कमी होणारं नाही. नव्या गोष्टी जातात, जुन्या राहतात.

"यंदा सातवा उद्गार आपण घ्यावा, अशी माझी विनंती आहे," पाळकसाहेब म्हणाले. "दादासाहेबांना मात्र आपणच समजावून सांगावं. मी लहान आहे."

मी म्हटलं, "प्रार्थना करून कळवते." यजमानांनी पेपरच्या वरून माझ्याकडे बघितलं. त्यांना माहीत होतं की माझा निर्णय पाळकांनी खोकायच्या आधीच झाला होता.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी मंडळीला उपवासकाळासाठी साधना सांगितली. दुपारपर्यंत उपवास, सकाळी एक तास मौन, आणि पहाटे गुडघ्यांवर प्रार्थना. ज्याला जे झेपेल ते एक घ्यावं, म्हणाले. मी तिन्ही घेतली. समर्पणावर बोलायचं तर स्वतःला आधी तयार करायला नको का? शिवाय दादाला मी जागा सोडायला सांगणार होते, तेव्हा मी त्या जागेच्या लायकीची आहे हे देवाला आणि शेजारपाजाऱ्यांना दिसलेलं बरं.

गुडघ्यांचं पहिल्याच पहाटे आटोपलं. खाली गेले, प्रार्थना सुंदर झाली, आणि आमेननंतर वर येता येईना. यजमानांना हाक मारली तर ते झोपेतून म्हणाले, "अजून थोडी कर." शेवटी पलंगाची कड धरून, ते एका बाजूने आणि मी स्वतःला दुसऱ्या बाजूने ओढत उभे राहिलो. मग खुर्चीत बसून प्रार्थना सुरू केली. प्रभूला गुडघ्यांचे एक्सरे माहीतच आहेत.

उपवासाने मी पवित्र झाले की नाही सांगता येत नाही, चिडकी नक्की झाले. सकाळचा चहा बंद म्हटल्यावर दहाच्या सुमाराला माझं डोकं ठणकायला लागायचं आणि मला घरातल्या प्रत्येक वस्तूची जागा चुकलेली दिसायची. मी चमच्यांवरून बोलायचे, पंख्यावरच्या धुळीवरून बोलायचे. यजमान आठवडाभर गप्प राहिले. मग एकदा अगदी सभ्यपणे म्हणाले, "अगं, हा उपवास तू प्रभूसाठी करतेयस ना? मग त्याचं फळ मला कशाला?" आणि ते बाजूच्या इराण्याकडे चहाला जायला लागले. त्यांचा उपवासकाळ फार आनंदात गेला.

मौनाची तऱ्हा सर्वांत वाईट. त्या तासात एरवी कुणी येत नाही म्हणून मी तो तास निवडला होता, आणि नेमका तेव्हाच भाजीवाला टोपली घेऊन दाराशी. मी बोटाने कोथिंबीर दाखवली. भाजीवाल्याने आलं दिलं. मी मान हलवली. त्याने आणखी आलं दिलं. "अम्मा, गला बैठ गया क्या?" मी हाताने नाही म्हटलं, मग आकाशाकडे बोट दाखवलं, की देवासाठी गप्प आहे. तो माणूस घाबरून टोपली तिथेच सोडून खालच्या मजल्यावर धावला आणि मला वरून ऐकू आलं, "साब, जल्दी आओ, अम्मा कू लकवा मार गया."

दादा अनवाणी वर आला. मागून समोरच्या तेलुगू वहिनी, मागून त्यांच्या सासूबाई. मी दोन्ही हात हलवून सांगत होते की मला काही झालेलं नाही, आणि हात हलवणारी बाई बघून सासूबाई रडायला लागल्या. दादाने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्याने प्रार्थना सुरू केली, "हे प्रभू, माझ्या बहिणीची जीभ मोकळी कर. आयुष्यभर हिने लोकांना बोलण्याचं काम केलं, आता हिला असं करू नकोस." मी ओरडले, "दादा, मौन आहे माझं." दादाने डोळे उघडले. सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं "हालेलुया" म्हणाला. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली. त्या गल्लीत आजही दादाच्या प्रार्थनेला गुण आहे असं मानतात, आणि मी काही सांगायला गेले की लोक समजूतदारपणे हसतात.

ती सगळी माणसं गेल्यावर दादा माझ्यासमोर बसून राहिला. "घाबरवलंस गं मला," तो म्हणाला. मला तेव्हा त्याची फार माया आली, आणि म्हणूनच त्या दिवशीही सातव्या उद्गाराचं सांगायचं राहिलं.

असं बरेचदा राहिलं. मी ठरवून खाली जायचे आणि तो आरशासमोर कोट घालून सराव करत असायचा. मला बघून खूश व्हायचा. "बस, ऐक, यंदा आखूड करून राहिलोय." मग मुठींपर्यंत सगळं ऐकवायचा. हैदराबादेत जन्म गेला, एरवी त्याच्या बोलण्यात "हौ" आणि "नक्को" भरलेले असतात, पण सातवा उद्गार सुरू झाला की बाबांचं मराठी त्याच्या तोंडात यायचं. एक शब्द चुकायचा नाही. सकाळी काय खाल्लं ते सांगता न येणारा माणूस, तो बाबांच्या गोष्टीत असा चालायचा की जणू अंधारात स्वतःच्या घरात फिरतोय.

शेवटी एका दुपारी, जेवणानंतर, बडीशेप देता देता मी सांगून टाकलं. "दादा, यंदा पाळकसाहेबांनी सातवा मला दिलाय."

तो बराच वेळ बडीशेप चावत राहिला. मला वाटलं आता भडकणार. त्याचा चेहरा पडला, तो मी पाहिला. मग म्हणाला, "हौ? बरं झालं. तू कर. तुझा आवाज चांगला आहे. मी किती वर्षं करणार?" मग उठून गेला, जाताना जिन्यात थोडा थांबला. मला हायसं वाटलं. यजमानांना म्हटलं, "बघा, किती शहाण्यासारखं घेतलं त्याने."

दुसऱ्या दिवशी खाली गेले तर कोट घालून आरशासमोर. "बस, ऐक, यंदा आखूड करून राहिलोय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा त्याचा चेहरा तसाच पडला, पहिल्यांदा ऐकल्यासारखा, आणि पुन्हा तो म्हणाला, "हौ? बरं झालं. तू कर." त्यानंतर जेव्हा सांगितलं तेव्हा तेच. प्रत्येक वेळी त्याला तितकंच लागायचं, आणि प्रत्येक वेळी तो मला ते तितक्याच चांगुलपणाने देऊन टाकायचा. एकदा तर म्हणाला, "काही अडलं तर विचार, मी आहे." मी वर येऊन स्वयंपाकघरात उभी राहिले आणि माझ्याच्याने भाजीला फोडणी घालवेना.

यजमान दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "तुझा भाऊ रोज समर्पण करून राहिलाय. तुझं कुठवर आलं?"

मी त्यांच्यावर डाफरले. उपवास चालू होता. पण त्यानंतर मी दादाला सांगायचं बंद केलं. काय होईल ते शुक्रवारी होईल, म्हटलं. माझं भाषण तयार होतं. नळ, ड्रम, झाकण, सगळं नीट बसवलं होतं, आणि पाळकसाहेबांना फोन करून मी सातव्यासाठी ठाम आहे हे कळवलं होतं. दादा कोट घालून येईल, माझं नाव पुकारलं की समजेल, मोठ्या मनाचा आहे, बसून राहील. असं मी स्वतःला समजावत होते.

उत्तम शुक्रवारी ऊन मरणाचं होतं. हॉलमधले पंखे गरम वारा फिरवत होते. सगळे पांढऱ्या कपड्यांत, दादा एकटा काळ्या कोटात, पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी. पहिला उद्गार झाला. पोलीस खात्यातल्या काकांनी चोराबद्दल जरा जास्तच माहिती दिली. तिसऱ्याला यंदा मंडळीतली एक नवीन सून उभी राहिली, छान बोलली. चौथ्याच्या वेळी वीज गेली. पाचव्याला आम्ही मंजिरापर्यंत गेलो आणि परत आलो, आणि खरोखरच सगळ्यांना तहान लागली. सहावा संपला तेव्हा तीनला बराच अवकाश होता. पाळकसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "सातवा उद्गार. आपल्या मंडळीतील भगिनी..."

दादा उठला. "सातवा" एवढंच त्याला ऐकू आलं होतं. त्याने कोटाची बटणं लावली आणि चालायला लागला. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. यजमानांनी बघितलं. सगळ्या हॉलला माहीत होतं की यंदा मी आहे, कारण ते गुपित ठेवायला मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी अर्धी उठले होते. दादाने माईकवर बोटाने टकटक केली, वीज नव्हती, तरी केली, आणि बाबांच्या आवाजात म्हणाला, "बंधूंनो आणि भगिनींनो, सलाम."

मी खाली बसले. पाय दुखत होते म्हणून बसले असंही सांगता आलं असतं.

काय बोलला तो. माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जात होता. क्रूस, खिळे, अंधार, सगळं जागच्या जागी. मग दवाखाना आला. बाबांच्या चेहऱ्यावर तेज आलं. मी आपली ओठांत म्हणत होते, पुढचं मला पाठच होतं. "आणि मग," दादा म्हणाला, "मग बाबांनी..."

थांबला. मी म्हटलं, परिणामासाठी थांबलाय. मग तो पुन्हा म्हणाला, "मग बाबांनी," आणि स्वतःच्या हातांकडे बघायला लागला. हात अर्धे वर आले होते आणि त्यांना पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. हॉल इतका शांत झाला की बाहेर कोटीच्या रस्त्यावरचे हॉर्न आत यायला लागले. जुन्या गोष्टी राहतात, असं डॉक्टर म्हणाले होते.

दादाने हॉलभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. ज्याने आयुष्यात कधी रस्तासुद्धा कुणाला विचारला नाही, तो सगळ्यांसमोर म्हणाला, "पुढे काय झालं गं?"

मी उठले आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं जे सांगायचं होतं ते सांगायची जागा आता माझी होती. वेळ होता, लोक होते, आणि विचारणारा खुद्द दादा होता. "नळ" हा शब्द माझ्या जिभेवर आला होता, हे मी शपथेवर सांगते. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता, शाळेतली मुलगी उत्तरासाठी बघते तसा. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं की त्याच्या वडिलांचं काय झालं.

"मग बाबांनी हळू आवाजात गीत म्हटलं," मी म्हणाले.

"गीत म्हटलं," दादा लोकांना म्हणाला.

"मग दोन्ही मुठी उघडल्या." मी त्याचे हात धरले आणि बोटं एकेक करून सरळ केली. "हात वर केले. म्हणाले, माझा बाप मला बोलावतोय."

"बाप मला बोलावतोय," दादा म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळत गेला. तो आता ती गोष्ट सांगत नव्हता, ऐकत होता, पहिल्यांदा ऐकल्यासारखी. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी कधी नव्हे ते रडत होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

"आणि तुझ्या हातात हात ठेवून गेले," मी म्हटलं.

दादाने माझा हात घट्ट धरला. मग माझ्याकडे वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं, "तू होतीस तिथे?"

"नाही दादा," मी म्हणाले. "तू होतास."

दादाने मान डोलावली. मग तो मंडळीकडे वळला आणि म्हणाला, "मी होतो."